दरवर्षी त्याच खडकाचा फोटो मागा

प्रति,
कांदळवन कक्ष, महाराष्ट्र वन विभाग,
आणि समुद्राखालच्या छायाचित्रांच्या स्पर्धा भरवणाऱ्या सर्व संस्था

सप्रेम नमस्कार.

मालवणच्या समुद्राखाली काढलेल्या छायाचित्रांची स्पर्धा आपण सुरू करावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. ती इतर स्पर्धांसारखी मात्र नसावी. जगभरच्या स्पर्धा वर्षातला सर्वांत देखणा फोटो निवडतात आणि पुढच्या वर्षी नव्या फोटोकडे वळतात. आपण ठरावीक खडक निवडा, त्यांचेच फोटो दरवर्षी मागा, आणि मोठं बक्षीस एकाच जागी वर्षानुवर्षं परत जाणाऱ्या माणसाला द्या.

मी मालवणची. घर रापणकरांचं, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांचं, आणि आता बरीच वर्षं मी पाठीवर टाकी आणि हातात कॅमेरा घेऊन पाण्याखाली उतरते. पर्यटकांना खाली नेणारी मुलं, होडीवाले, जाळी ओढणारे काका हे सगळे रोजच्या ओळखीचे. जे लिहिते आहे ते त्यांच्यात राहून लिहिते आहे.

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या आसपासचे बुडालेले खडक या गाभ्यात येतात. किल्ल्यावर माणसांची रीघ असते. तटावरून सगळे खाली वाकून बघतात, हिरवं पाणी दिसतं आणि होडीत बसून परत येतात. त्या पाण्याखाली प्रवाळ आहेत हे मालवणात जन्मलेल्या अनेकांनाही ठाऊक नसतं. अभयारण्य जाहीर झालं त्या वर्षी पद्मगडाभोवतीचा तळ कसा होता, हे दाखवणारा एकही फोटो मला आजवर मिळालेला नाही. प्राण्यांच्या याद्या मिळतात, शोधनिबंध मिळतात, अहवाल मिळतात. अमुक खडक, अमुक बाजू, अमुक वर्ष असं मागे लिहिलेला फोटो मिळत नाही. देवराईचे, पाणवठ्यांचे जुने फोटो कुणाच्या तरी घरी पेटीत निघतात. समुद्राच्या तळाचे निघत नाहीत, कारण तिथे फारसं कुणी जातच नव्हतं.

आता प्रवाळ मरतो कसा ते सांगते, म्हणजे मी फोटोचा इतका हट्ट का धरते आहे ते कळेल. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं, आणि प्रवाळाला रंग व बहुतेक पोषण त्याच्याकडूनच मिळतं. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवलं तर सावरतो. नाही निवलं तर मरतो, आणि मग सांगाड्यावर शेवाळ चढतं, गाळ बसतो. वर्षभराने तिथे उतरणाऱ्याला साधा खडक दिसतो. इथे काही जिवंत होतं हे त्याला कळायला वावच नसतो. कुणी सांगितलं तरी पुरावा काय दाखवणार?

२०१४ ते २०१७ या काळात जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची मोठी लाट आली. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सागरी व वातावरण प्रशासनाने आणखी एक जागतिक लाट आल्याचं जाहीर केलं, नोंदींतली चौथी. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. मालवणही यातून सुटलेलं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी इथल्या प्रवाळांचं वारंवार पांढरं पडणं, त्यांना होणारे रोग आणि त्यांची मरतूक यांची नोंद केली आहे. आपले प्रवाळ तसे चिवट जातीचे. पोराइट्स, टर्बिनेरिया, गोनिओपोरा ही मंडळी गढूळ पाण्यात, पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी येऊन मिसळतं अशा जागीही तग धरून राहतात. एवढी चिवट जात मरू लागली असेल तर ते वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर राहायला हवं. संशोधकांचा प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतो, निधी संपतो, माणसं दुसरीकडे जातात. खाली रोज उतरणारे आम्ही इथेच असतो.

याच संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये मालवणबद्दल आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. करमणुकीच्या डायव्हिंगमुळे इथल्या प्रवाळांची मोडतोड होते, असं त्यात मांडलं होतं. तो वाचून इथे अनेकांना राग आला. मला वाईट वाटलं, कारण त्यात लिहिलेलं आम्ही रोज बघतो. आणि या मोडतोडीच्या मुळाशी बऱ्याच वेळा एक फोटोच असतो.

मालवणला येणारा बहुतेक पर्यटक पोहणं न शिकलेला असतो. त्याला मास्क आणि रेग्युलेटर लावून, हात धरून, काही मिनिटांसाठी खाली नेतात. त्या काही मिनिटांचा फोटो आणि व्हिडिओ पैशांत धरलेला असतो. घरी नेऊन दाखवायला तेवढंच असतं, त्यामुळे त्याला फोटोत मासे हवे असतात, आणि भरपूर हवे असतात. मग बाटलीतून ब्रेड येतो. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे चेहऱ्याभोवती गर्दी करतात, गोप्रो समोर धरला जातो, पाय खाली प्रवाळावर टेकतात, कधी कुणी घाबरून हाताला येईल तो खडक घट्ट धरतो. खडक म्हणून धरलेलं ते पुष्कळदा जिवंत प्रवाळ असतं. खालच्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याला माणशी पैसे मिळतात, पुढचं गिऱ्हाईक होडीत थांबलेलं असतं, आणि फोटोत मासे आले नाहीत तर वर आल्यावर बोलणी तोच खातो. ब्रेडवर जगणाऱ्या माशांचं पुढे काय होतं हा वेगळा प्रश्न. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे ब्रेडमागे लागले तर शेवाळ वाढतं आणि प्रवाळाला नवी जागा मिळत नाही, एवढं तर सरळ आहे.

म्हणजे लोकांना कसला फोटो हवा यावर पाण्याखाली काय घडतं हे ठरतं आहे. म्हणूनच मला स्पर्धेची ताकद मोठी वाटते. आज मालवणच्या मुलाला चांगला फोटो म्हणजे माशांच्या गराड्यातला हसरा पर्यटक हे माहीत आहे. उद्या त्याच मुलाला कळलं, की किल्ल्याच्या पश्चिमेकडच्या एखाद्या खडकावरच्या प्रवाळाचा फोटो दरवर्षी काढला तर आपलं नाव होतं आणि बक्षीस मिळतं, तर त्या प्रवाळावर कुणी पाय ठेवू लागलं की तोच पहिल्यांदा अडवेल. राखण करायला वन विभागाकडे किती माणसं आणि किती होड्या आहेत हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मोठ्या स्पर्धांनी समुद्राचं भलं केलेलं नाही असं मी म्हणत नाही. जस्टिन हॉफमन यांनी इंडोनेशियात सुंबावाजवळ काढलेला, प्लास्टिकची कानकाडी शेपटीने धरून वाहत चाललेल्या समुद्रघोड्याचा फोटो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या २०१७ च्या स्पर्धेत अंतिम फेरीत आला आणि जगभर पोहोचला. प्लास्टिकच्या कानकाड्यांवर पुढे अनेक देशांत बंदी आली, आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून आली. त्या बंदीचं श्रेय एका फोटोला देता येणार नाही. पण समुद्रातलं प्लास्टिक म्हटलं की आजही माझ्यासारख्यांच्या डोळ्यांसमोर तोच समुद्रघोडा येतो.

मला त्याहून जवळचं उदाहरण लॉरां बालेस्टा यांचं वाटतं. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा इथे हेकरूच्या, म्हणजे ग्रूपरच्या, एका जातीचे मासे वर्षातून एकदा, जुलैच्या पौर्णिमेच्या सुमारास, अंडी घालायला जमतात. त्या क्षणाच्या फोटोसाठी बालेस्टा आणि त्यांचे सहकारी पाच वर्षं त्याच जागी परत गेले. २०२१ मध्ये त्याच स्पर्धेचा सर्वोच्च मान त्या फोटोला मिळाला. आपण सगळे तो एक फोटो बघतो आणि वाहवा करतो. त्याच्यामागे एका जागेची पाच वर्षांची ओळख आहे, आणि समुद्राच्या कामाची गोष्ट ती ओळख आहे. मालवणच्या स्पर्धेने नेमकी तीच मागावी.

वेगवेगळ्या लोकांनी काढलेले साधे फोटो एकत्र ठेवले तर काय होतं, याचा एक दाखला बहिरी माशाचा, म्हणजे व्हेल शार्कचा आहे. त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. आकाशातल्या ताऱ्यांचे नकाशे जुळवण्यासाठी बनवलेलं गणित वापरून संशोधक या ठिपक्यांवरून एकेक मासा ओळखतात, आणि त्यासाठी जगभरचे हौशी डायव्हर आपले फोटो देतात. त्यातले पुष्कळ फोटो कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होतील. पण डावी कूस नीट दिसत असेल, तारीख आणि ठिकाण बरोबर असेल, तर त्या फोटोवरून हा मासा कुठून कुठे गेला ते कळतं. मुंबईतही हे घडलं आहे. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमातले लोक ओहोटीच्या वेळी हाजी अली, मरीन लाइन्स अशा ठिकाणी जाऊन खडकांवरच्या जिवांचे फोटो काढून नोंदवत आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत हे सामान्य मुंबईकराला पटलं ते अशाच फोटोंमुळे. ते काम पाण्यात न उतरता, ओहोटीला चालत जाऊन झालं. आमच्याकडे तर उतरणारी माणसं शेकड्यांनी आहेत.

आता मालवणच्या पाण्याबद्दल. मालदीव किंवा इंडोनेशियातलं निळं, आरपार दिसणारं पाणी आमच्याकडे नाही. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, आजूबाजूच्या खाड्या गाळ आणतात, पाण्यात सूक्ष्म जीवही खूप. पाणी हिरवं असतं, आणि चांगल्या दिवसांतही थोड्या अंतरापलीकडचं धूसर होतं. खाली जाताना लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, पाच-सहा मीटरवर लालभडक वस्तूही मळकट तपकिरी दिसते. फ्लॅश लावावा तर पाण्यातल्या कणांवर उजेड पडून फोटोभर पांढरे ठिपके उठतात. जवळ जाऊन, फ्लॅश बाजूला लांब धरून, श्वास आवरून फोटो काढावा लागतो. हे कौशल्य आहे. बाहेरच्या परीक्षकांना निळ्या पाण्याची सवय असते, त्यांच्यापुढे आमचा फोटो कायम मागे पडणार. मालवणचं हिरवं पाणी हीच मालवणची ओळख, हे मानणारे परीक्षक असतील तरच इथली मुलं भाग घेतील. रंग बदलून पाणी निळं केलेला फोटो इथे चालू नये. ज्या फोटोत शेवंड दगडाच्या कपारीतून मिशा बाहेर काढून बसली आहे आणि मागे फक्त हिरवट अंधार आहे, तो मला मालवणचा वाटतो.

परीक्षकांत एक छायाचित्रकार असावा, एक समुद्रजीवशास्त्रज्ञ असावा, आणि निम्मी माणसं दांडी, देवबाग, तारकर्लीच्या मच्छीमारांमधली असावीत. कुठल्या खडकावर तांबोशी असायची, कुठे हेकरू वस्तीला असतो, कुठल्या महिन्यात माकुल आत येतो, हे त्यांना ठाऊक असतं. फोटो बघून "ह्यां थयसरलां नाय", म्हणजे हे तिथलं नाही, असं ते एका नजरेत सांगतील.

इथे एक अवघड गोष्टही बोलायला हवी. अभयारण्य जाहीर झाल्यापासून मालवणच्या मच्छीमारांच्या मनात त्याबद्दल भीती आहे. मासेमारी बंद करतील, पोट मारतील, ही ती भीती. तिला कारणं आहेत. कांडाळी आणि रापण लावणाऱ्या लहान मच्छीमाराने पर्ससीनच्या मोठ्या घेरजाळ्यांविरुद्ध आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आहे. समुद्र वाचवा असं तोच सर्वांत आधी ओरडला, आणि अभयारण्याच्या बैठकीत त्यालाच आरोपी असल्यासारखं बसावं लागलं. स्पर्धेच्या फलकावर संवर्धन हा शब्द बघून तो पाठ फिरवील. म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

त्यासाठीचा रस्ता आपल्याच खात्याने आधी तयार करून ठेवला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याने योजना आणली की जाळ्यात अडकलेलं कासव, बहिरी किंवा दुसरा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. सोडतानाचे फोटो किंवा चित्रण त्यासोबत द्यावं लागतं. म्हणजे कोकणातला मच्छीमार हलत्या होडीत, ओल्या हाताने, साध्या मोबाइलवर समुद्राच्या संरक्षणाचे फोटो आधीपासूनच काढतो आहे. ते फोटो फायलींत जातात आणि तिथेच राहतात. त्यांना स्पर्धेत स्वतंत्र विभाग द्या. जाळ्यातून सुटून पाण्यात शिरणाऱ्या कासवाचा थोडा हललेला फोटो मालवणच्या जेटीवर, मासळीचा लिलाव होतो तिथे, मोठा करून लावा. खाली त्या होडीचं नाव लिहा, अर्थात होडीवाल्याला विचारून. त्या फोटोपुढे उभे राहणारे लोक वेगळ्या तऱ्हेने बोलू लागतील, याची मला खात्री आहे.

तारखेबद्दलही विचार व्हावा. जागतिक महासागर दिन ८ जूनला असतो आणि जगातल्या पुष्कळ स्पर्धा त्याच्याभोवती घेतल्या जातात. त्या दिवशी आमचा समुद्र बंद असतो. पावसाळी मासेमारीबंदी लागलेली असते, होड्या वर काढून झाकलेल्या असतात, जलक्रीडा थांबलेल्या असतात. तेव्हा मालवणला कार्यक्रम घेतला तर तो सभागृहात, भाषणांत होतो. आमचा समुद्राचा दिवस नारळी पौर्णिमा. त्या दिवशी अख्खं मालवण किनाऱ्यावर येतं, समुद्राला सोन्याचा नारळ अर्पण होतो, आणि दुसऱ्या दिवसापासूनच्या मोसमाचा विचार सगळ्यांच्या डोक्यात असतो. ऑक्टोबर ते मे या काळात फोटो काढा, पावसाळ्यात परीक्षण करा, आणि नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर मांडा.

फोटो कोणत्या दिवशी काढायचे हेही तिथीवर ठरवावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, तळ ढवळलेला. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी हलतं, गाळ खाली बसतो. थंडीतल्या भांगाचे तेवढे दिवस पकडले तर एकाच परिस्थितीत काढलेले फोटो मिळतील आणि यंदाचा फोटो गेल्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवता येईल. पद्धत साधी आहे. खडकाची ओळख, कोणत्या दिशेला तोंड करून, किती खोलीवर, भरती की ओहोटी, आणि फोटोत मापासाठी प्लास्टिकच्या नळ्यांची अर्ध्या मीटरची चौकट. ती चौकट प्रवाळावर ठेवायची नाही, समोर धरायची. रंग जुळवायला एक रंगपट्टी. कुठल्याही शाळेच्या प्रयोगशाळेत होऊ शकेल इतकंच हे सामान आहे. खोलीबरोबर भरतीची वेळ लिहायची राहिली तर मात्र आकड्याला अर्थ उरत नाही, कारण भरती-ओहोटीत इथे दोन मीटरच्या आसपास फरक पडतो.

गोप्रो आणि मोबाइलवाल्यांचा गट वेगळा हवाच. चांगला कॅमेरा, त्याचं पाणीबंद कवच आणि दोन फ्लॅश यांची किंमत लाखांत जाते. खाली रोज उतरणाऱ्या मुलाकडे ते नसतं. मुंबई-पुण्याहून वर्षातून दोनदा येणाऱ्याकडे असतं. दोघांना एका रांगेत उभं केलं तर निकाल आधीच ठरलेला.

फोटो कसा काढला, याचे नियम मात्र सगळ्यांना सारखे आणि कडक हवेत. समुद्रघोडे, प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तरीही बारीक जिवांच्या फोटोंच्या नादात त्यांना काठीने सरकवणं, चांगल्या पार्श्वभूमीवर उचलून ठेवणं हे प्रकार जगभर चालतात. तळाशी राहणाऱ्या लहान माशांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की फ्लॅशपेक्षा हात लावण्याचा, हलवण्याचा त्रास या जिवांना जास्त होतो. लोक फ्लॅशवर वाद घालत बसतात, खरा अपराध हाताचा असतो. प्रत्येक प्रवेशिकेसोबत न बदललेली मूळ फाइल मागा, आणि शक्य असेल तिथे त्याच डुबकीतले आधीचे-नंतरचे फोटोही मागा. जीव आपल्या जागी होता की आणून ठेवला होता, हे जाणत्या माणसाला त्यातून कळतं. संगणकाने बनवलेली खोटी चित्रंही तिथेच गळतील. ब्रेड टाकून जमवलेल्या माशांचा फोटो सरळ बाद करावा. हा एकच नियम मालवणात सर्वांत जास्त बोलला जाईल, आणि बोलला जावा.

नेमकं ठिकाण आपल्याकडे नोंदवून घ्या, पण प्रदर्शनात किंवा इंटरनेटवर टाकू नका. समुद्रघोडा कुठल्या कपारीत आहे हे जगाला कळलं की तो तिथे फार दिवस राहत नाही. फोटोचा हक्क काढणाऱ्याकडेच राहू द्या. अनेक स्पर्धा प्रवेश अर्जाच्या बारीक अक्षरांत सगळे हक्क काढून घेतात. अभ्यासासाठी आणि शिक्षणासाठी वापरायची परवानगी घेतली तरी काम भागतं.

आणि बक्षिसाचे पैसे. थोडे माणसाला द्या, त्याच्या कष्टाची किंमत म्हणून. बाकीचे त्या खडकाला द्या. डायव्हिंगच्या होड्या जिथे थांबतात तिथे नांगर टाकला जातो, तो ओढला जातो, आणि एका खेपेत जे तुटतं ते वाढायला पुष्कळ वर्षं लागतात. पोराइट्ससारखा प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरच्या आसपासच वाढतो. नांगर टाकावाच लागू नये म्हणून पाण्यावर कायमचे बोये बांधता येतात, होडी त्यांना दोरीने बांधायची. ज्या खडकाच्या मालिकेला बक्षीस मिळेल, त्या खडकाजवळ त्या वर्षी बोया बसवा. होडीवाल्यांचा नांगर वाचेल, वेळ वाचेल, तेही खूश राहतील.

याच काळात एक मोठी संधी आपल्या दाराशी आली आहे. नौदलातून निवृत्त झालेली गुलदार ही नौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. अशा लोखंडावर आधी शेवाळ येतं, मग बार्नेकल, कालवं, स्पंज, मग लहान मासे, आणि त्यांच्यामागे मोठे. हे चढत्या क्रमाने कसं घडतं, किती वेळात घडतं, की घडतच नाही, हे मोजायचं असेल तर सुरुवातीपासून तेच कोपरे पुन्हा पुन्हा टिपायला हवेत. ते काम पर्यटन सुरू झाल्यावर कुणाला आठवणार नाही. स्पर्धेत गुलदारसाठी पहिल्या वर्षापासून जागा ठेवा. शिवाय जहाजाने पर्यटकांची गर्दी ओढून घेतली तर किल्ल्याजवळच्या नैसर्गिक खडकांवरचा भार कमी होतो का, हेही दोन्हीकडच्या फोटोंवरून समजेल. या प्रकल्पाबद्दल इथे दोन्ही बाजूंनी ठाम मतं आहेत. मला आधी पुरावा बघायचा आहे.

आंग्रिया बँकेचं नाव कुणीतरी काढेलच. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं ते बुडालेलं पठार, वीस मीटरच्या खाली सुरू होणारं, आणि तिथलं पाणी निळं. फोटो अप्रतिम येतात. पण तिथे जाणं मोठ्या जहाजाच्या मोहिमेचं काम आहे. स्पर्धेच्या नादाने हौशी माणसांनी तिकडे धाव घेऊ नये. आंग्रियाचे प्रवाळ शास्त्रज्ञांच्या मोहिमांकडे राहू द्यावेत.

आपल्याकडे प्रत्यक्ष मागणं एवढंच आहे. अभयारण्याच्या आत आणि लगत, सर्वांना परवानगी असलेल्या भागात, साधारण दहा खडक निश्चित करा. ते निवडताना डायव्हिंगवाल्या मुलांना आणि मच्छीमारांना सोबत बसवा. त्यातले निम्मे पर्यटकांचे असावेत आणि निम्मे असे, जिथे पर्यटक जात नाहीत, म्हणजे तुलना करता येईल. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा संस्था आहे, प्रशिक्षणाची जागा तयार आहे. तिथे दोन दिवस मुलांना शरीराचा तोल न ढळू देता तरंगत फोटो कसा काढायचा ते शिकवा. तळाला न टेकता फोटो काढता येणं ही प्रवेशाची पहिली अट ठेवा.

माझ्याकडे किल्ल्याच्या आसपासच्या काही खडकांचे गेल्या अनेक मोसमांतले फोटो आहेत, तारखांसह. ते मी कोणतीही अट न घालता आपल्याला देते. पहिल्या तुलनेला त्यांचा उपयोग होईल. मुलांना शिकवण्यासाठी लागेल तेवढा वेळ द्यायलाही मी तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी काही जण इथे आहेत. सप्टेंबरात खडक ठरले तर ऑक्टोबरात पाणी निवळताच पहिले फोटो निघू शकतात. त्याआधी एक बैठक मालवणातच बोलवावी, मुंबईत नको, आणि ती संध्याकाळी ठेवावी, होड्या परत आल्यावर.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
मालवणच्या समुद्राखाली फोटो काढणारी एक रापणकराची मुलगी